रिकाम्या खोलीतला दिवा

दिवे लावण्याच्या वेळेला आपल्या भाषेत 'दिवेलागण' असा एक सुरेख शब्द आहे. त्या वेळी काय करायचे हेही ठरलेले आहे. देवापुढे निरांजन, तुळशीपाशी पणती, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायची आणि मोठ्यांना नमस्कार करायचा. आषाढ अमावस्येला तर घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. दिवा लावण्याचे एवढे कौतुक करणाऱ्या आपल्या समाजाने दिवा मालवण्यासाठी मात्र काहीच ठरवून ठेवले नाही. 'विझला' म्हणू नये, 'मालवला' किंवा 'शांत केला' म्हणावे, एवढाच काय तो शिष्टाचार. त्या काळी अधिकाची गरजही नव्हती. पणतीतले तेल संपे आणि दिवा आपोआप शांत होई. विजेच्या दिव्याचे तेल संपताना दिसत नाही, आणि माझ्या मते रिकाम्या खोलीत जळत राहणाऱ्या दिव्याची सारी कथा या 'दिसत नाही' मध्येच आहे.

या विषयावर बोलताना वडील मंडळी बहुधा एक निवाडा देऊन मोकळी होतात. आमची पिढी काटकसरी होती, तुमची उधळी आहे! हा निवाडा मला मान्य नाही. कंदिलाचे दिवस आठवून पाहा. घरात एक-दोन कंदील असत. स्वयंपाकघरात जायचे तर कंदील बरोबर, गोठ्यात जायचे तर कंदील बरोबर. माणूस उठला की दिवाही उठे आणि मागे उरे तो अंधार. रिकाम्या खोलीत दिवा जळत राहणे हे त्या काळात मनात आणूनही साधणारे नव्हते. विजेने दिवा भिंतीला आणि छताला खिळवला. माणूस पूर्वीसारखाच हिंडता राहिला, दिवा मात्र जागच्या जागी बसला. तेव्हा मागची पिढी गुणी होती असे नसून तिचा दिवा तिच्या हातात होता, एवढेच खरे. आज प्रश्न आहे तो दिवा पुन्हा माणसाच्या हाताशी कसा आणायचा हा.

पण हा खटाटोप करायचाच कशाला? पहिले कारण पैशाचे सांगतात. ते प्रामाणिकपणे तपासून पाहू. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रिकाम्या खोलीत रोज चार तास जळला, तर महिन्याला सात युनिटे जात. चोकसकट पन्नास वॅटच्या आसपास घेणारी जुनी ट्यूब सहा युनिटे घेई. आता घरोघरी एलईडी आले आहेत. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. नऊ वॅटचा असा बल्ब त्याच चार तासांत महिन्याला जेमतेम एक युनिट घेतो. म्हणजे एका दिव्यापुरते बोलायचे तर आपण काही रुपयांचीच गोष्ट करत आहोत. शिवाय त्याच खोलीत गरगरणारा जुन्या पद्धतीचा, पंचाहत्तर वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात नऊ युनिटे खातो. दिव्यावरून रागावणाऱ्याने आधी मान वर करून पंख्याकडे पाहावे हे बरे!

मग दिवा क्षुल्लक म्हणून सोडून द्यायचा का? इथे १८६५ साली एका इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने काढलेले निरीक्षण आठवते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने दाखवले, की वाफेची इंजिने कमी कोळशात अधिक काम देऊ लागली तेव्हा इंग्लंडातला कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. वस्तू स्वस्तात चालू लागली की आपण ती सढळ हाताने चालवतो. आपल्या घरांतही हेच झाले आहे. पूर्वी जिथे एक ट्यूब होती तिथे आता छतात चार, कपाटात एक आणि देवघराभोवती माळ. 'एलईडी आहे, राहू दे चालू' हे वाक्य त्या सढळपणाचेच लक्षण.

आणि एका घराचा हिशेब क्षुल्लक असला, तरी एकत्र हिशेब तसा राहत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन कोटींहून अधिक कुटुंबे होती. त्यांतल्या एक कोटी घरांत असा एकेक बल्ब रिकाम्या खोलीत जळतो असे धरा. महिन्याला एक कोटी युनिटे झाली. कोळशापासून एक युनिट वीज करायला आपल्याकडे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे सहा-सात हजार टन कोळसा, जवळजवळ दोन मालगाड्या भरून! तो कुठून येतो, कुठे जळतो आणि त्याची राख कुणाच्या अंगणात पडते, हे चंद्रपूरच्या माणसाला विचारावे. संध्याकाळी सूर्य मावळला की सौर विजेचा आधारही सुटतो, आणि नेमकी तीच आपली दिवे लावण्याची वेळ. उरते ती मुख्यतः कोळशाची आणि पाण्याची वीज. पाण्याची वीज निर्मळ म्हणावी, तर कोयनेच्या धरणाखाली ज्यांची गावे आणि शेते बुडाली त्यांची आठवण होते. दिवा आपल्या खोलीत लागतो, त्याची काजळी मात्र दुसऱ्याच्या घरात धरते.

पण मला या प्रश्नातली खरी बोच याहूनही जवळ, घरातच दिसते. कोणत्याही घरात एक संध्याकाळ नुसते बसून पाहा. मोठा मुलगा अभ्यासाच्या टेबलावरून उठून बाहेर जातो, दिवा तसाच. धाकटी न्हाणीघरातून येते, दिवा तसाच. वडील वर्तमानपत्र ठेवून जेवायला बसतात, दिवा आणि पंखा तसाच. थोड्या वेळाने पदराला हात पुसत एक व्यक्ती या खोलीतून त्या खोलीत जाते आणि एकेक बटण बंद करत येते. ती आई असते, नाहीतर आजी. या कामाची नोंद कुठे होत नाही. उलट तिने दोन शब्द बोलून दाखवले, तर 'किती कटकट करतेस' हे वर ऐकावे लागते! पंगतीत आपले ताट आपण उचलावे हे आता पुष्कळ घरांत मुलग्यांनाही शिकवतात, आणि ते योग्यच आहे. चालू टाकलेला दिवा म्हणजे न उचललेले ताटच नव्हे का? खोलीतले आपले काम संपल्यावर त्या कामाचा शेवटचा तुकडा आपण दुसऱ्यासाठी ठेवून जातो, आणि घेणारी बहुधा एकच असते.

आता उपाय. पाट्या लावणे आणि रागावणे हे दोन उपाय मी पहिल्यानेच बाद करते. पाटी चार दिवसांत भिंतीचाच भाग होते आणि रागावणे कानाला लागते. सवय असते ती हाताला. म्हणून हाताची सोय पाहिली पाहिजे.

एक, बटण जाण्याच्या वाटेवर हवे. आपल्या पुष्कळ घरांत बटणांची पाटी दाराच्या मागे, कपाटाच्या आड किंवा पलंगाच्या उशाशी असते. दाराबाहेर पडणाऱ्याचा हात तिथे पोचतच नाही. वायरमन घरी आलाच आहे, तर खोलीच्या दिव्याचे बटण चौकटीजवळ, उघड्या दाराने झाकले जाणार नाही अशा बाजूला घ्यावे. जिन्याला खाली आणि वर अशी दोन बटणे हवीत, म्हणजे एकाने लावलेला दिवा दुसऱ्या टोकाला बंद करता येतो. आमच्या जिन्याचे बटण फक्त खाली होते. वर दुसरे बसवले त्या दिवसापासून जिन्यातल्या दिव्यावरचे वाद थांबले. घरातली माणसे तीच होती!

दोन, प्रत्येक दिव्याला धनी हवा. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' याचा अर्थ कुणीच ठेवू नका असा होतो. 'खोलीतून शेवटी निघेल त्याचा दिवा' हा नियम सोपा, आणि त्यात लहानथोर असा भेद नाही. न्हाणीघरासारख्या, दार लोटले की आत दिवा आहे की नाही ते न कळणाऱ्या ठिकाणी बाहेरच्या बटणावर बारीक लाल खूण-दिवा असलेला बरा. आणि जे ठिकाण कुणाचेच नाही, उदाहरणार्थ इमारतीचा सामायिक जिना, तिथे माणसाची चाहूल लागताच लागणारा आणि ठरावीक वेळाने बंद होणारा दिवा बसवावा. सामायिक जागेत माणसाच्या सद्‌गुणावर फार भिस्त ठेवू नये.

तीन, वाचायला बसताना सगळी खोली उजळण्याऐवजी टेबलावरचा एक दिवा लावावा. हा कंदिलाचाच वारस. पुस्तक मिटले की हात सहज त्याच्याकडे जातो.

चार, काही जुने समज टाकून द्यावेत. 'सारखा बंद-चालू केला की जास्त वीज जाते' असे अनेकजण सांगतात. दिवा लागतानाचा जादा प्रवाह क्षणभराचा असतो. त्याची वीज काही सेकंदांच्या जळण्याएवढीही भरत नाही. ट्यूबचे आणि सीएफएलचे आयुष्य वारंवार बंद-चालू करण्याने घटे, म्हणून पाच-दहा मिनिटांसाठी ते बंद न करणे ठीक होते. एलईडीला तीही सबब नाही. 'झीरोचा बल्ब काहीच घेत नाही' हाही तसाच भ्रम. जुना काचेचा झीरो बल्ब बारा ते पंधरा वॅट घेई, म्हणजे आजच्या खोलीभर उजेड देणाऱ्या बल्बाहून अधिक!

आणि जिथे दिवा चालू ठेवायचा तिथे तो खुशाल ठेवावा. घरात म्हातारी माणसे असतील, तर रात्री न्हाणीघराच्या वाटेवर अर्ध्या-एक वॅटचा दिवा जळलाच पाहिजे. मोडलेल्या हाडापुढे वाचवलेल्या विजेला कसली किंमत? आजी म्हणते, तिन्हीसांजेला घर अंधारे नको, लक्ष्मी येते. तिच्या या भावनेशी माझे भांडण नाही. देवघरात आणि उंबऱ्यापाशी एकेक दिवा असावा. लक्ष्मीने माळ्यावरची खोलीही पाहावी असा आजीचाही आग्रह नाही.

याच जुन्या चालीला धरून एक सुचवावेसे वाटते. आषाढ अमावस्येला समया घासतो, त्याच दिवशी घरातले बल्ब आणि पंखेही, बटणे बंद करून, पुसावेत. धुळीने उजेड कमी होतो आणि मग आपण जादा दिवे लावतो. त्याच दिवशी कोणते बटण कशाचे ते घरातल्या सर्वांना दाखवावे आणि कोणता दिवा कुणाचा ते ठरवावे. या वाटपात मुलग्यांची नावे विसरू नयेत, एवढे मात्र आवर्जून सांगते.

मित्रमैत्रिणींनो, तासाची घंटा झाली की आपण वर्गातून धावत बाहेर पडतो. मागे ट्यूब आणि पंखे तसेच असतात आणि नंतर शिपाईमामा एकेक वर्ग बंद करत जातात. सर आणि मॅडम बहुधा सर्वांत शेवटी बाहेर पडतात. आपला नियम त्यांनाही लागू होतो, हे मी आदराने नमूद करते. त्यांनी बटणाकडे हात नेला, तर आमच्यापैकी कुणीतरी 'सर, राहू द्या, मी करतो' म्हणत पुढे होईल. घरी आईच्या आधी कोण पुढे होणार, हे मात्र प्रत्येकाने आज संध्याकाळी आपापल्या घरी ठरवावे.