पळते झकास, पण उभी राहीना

गाडीवेड्या मंडळींमध्ये बाहेरचा ईसीयू बसवलेल्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती बीएचपी निघाली?" त्यानंतर शून्य ते शंभर किती सेकंदात, मग टॉप स्पीड. सिग्नलला गाडी कशी उभी राहते, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं की, विचारायचाच तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

इंदापुरातल्या एका मित्राकडे जुनी मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. पठ्ठ्याने हौसेने तिला इंजेक्टर लावले आणि एक ओपन सोर्स ईसीयू बसवला. आता हे काही रॉकेट सायन्स राहिलेलं नाही. बोलिंग आणि ग्रिपो या दोघा अमेरिकन हौशी मंडळींनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट आणलं, आणि पुढे अर्डुइनोवर चालणारं स्पीडुइनोही आलं. लॅपटॉप जोडायचा, टेबलं भरायची, चालू. आपल्यासारख्या कोडिंगवाल्यांना तर हे खेळणंच! पण गाडी रोज चालवतात मित्राचे वडील. इंदापूर ते बारामती, निमगाव केतकी आणि भवानीनगरवरून. काकांचा अभिप्राय एका ओळीचा होता: "पळतीये झकास रे, पण उभी राहीना."

त्या रस्त्यावर गाळप हंगामात गेलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पुढे ट्रॅक्टर, त्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे तुम्ही. दर पाच मिनिटांनी थांबायचं. अशा वेळी आरपीएम खाली-वर हिंदकळून गाडी बंद पडली आणि मागे एसटी असली, तर सत्तरीच्या माणसासाठी तो बीएचपीचा प्रश्न राहत नाही.

आयडल अवघड का? कारण तिथे थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन फक्त स्वतःला फिरवण्यापुरती ताकद तयार करत असतं. फुल थ्रॉटलला पाच टक्के चूक झाली तर कदाचित जाणवणारही नाही. आयडलला तेवढ्याच चुकीने गाडी डुलायला लागते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला किंवा रेडिएटरचा पंखा सुरू झाला की अचानक ओझं वाढतं.

यावर गॅरेजमधला ठरलेला उपाय: "साहेब, रेस वाढवून देतो, मिटला विषय." मिटत नाही हो! १२०० वर ठेवलेली गाडी पेट्रोल जास्त पिते, ट्रॅफिकमध्ये आपोआप पुढे ढकलते आणि मूळ दोष झाकून ठेवते. आपण नाही का, मेमरी लीक सापडत नाही म्हणून रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करतो? तसलाच प्रकार.

दुसरा ठरलेला उपाय आपल्या जमातीचा: लॅपटॉप उघडून थेट पीआयडीचे आकडे फिरवत बसायचं. हाही उलटा रस्ता. माझ्या मते क्रम असा हवा. आधी इनटेकमधून कुठे फुकटची हवा शिरत नाही ना, ते बघा. मग गाडी पूर्ण गरम करून, वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण ठीक करा. आयडलच्या आसपासचे फ्युएल टेबलचे रकाने एकमेकांच्या जवळचे ठेवा, नाहीतर आरपीएम जरा हलला की मिश्रण बदलतं, मिश्रणामुळे परत आरपीएम, आणि झोका सुरू. तिसरं म्हणजे स्पार्कचं टायमिंग. आयडलला ते मुद्दाम थोडं मागे ठेवायचं, म्हणजे आरपीएम पडला की पुढे घ्यायला जागा राहते. स्पार्कचा परिणाम पुढच्याच ठिणगीला दिसतो. आयडल व्हॉल्व्हने सोडलेली हवा मॅनिफोल्ड भरून सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ घेते. म्हणून बारीक सावरासावर स्पार्कने करायची आणि मोठं ओझं हवेने पेलायचं. एसीचा सिग्नल आला की कॉम्प्रेसर लागायच्या आधीच थोडी हवा वाढवून ठेवायची. लोड येणार हे माहीत असताना सर्व्हर झोपायची वाट कोण बघतं? पीआयडीचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोही हलक्या हाताने.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई२० मध्ये हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. ई१० वर ट्यून केलेल्या गाडीला तेवढ्याच हवेला चार-पाच टक्के जास्त इंधन लागतं. कंपनीची इंजेक्शनवाली गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून हे बरंचसं सावरून घेते. घरी बसवलेला ईसीयू आयडलला सेन्सरकडे न बघता नुसत्या टेबलावर चालत असेल, तर मिश्रण पातळ राहतं आणि गाडी डुलते. गंमत बघा, ज्या उसाच्या ट्रॉलीमागे काका अडकतात, तसल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून हे इथेनॉल येतं. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती... कारखान्यांच्या या पट्ट्यात शेतकऱ्याला त्याचं महत्त्व सांगायला नको. मी इथेनॉलच्या विरोधात अजिबात नाही. पण इंधन बदललं की टेबलंही बदलायला हवीत, आणि ती जबाबदारी ईसीयू बसवणाऱ्याची आहे, काकांची नव्हे.

काही जण म्हणतील, हौसेची गाडी आहे, एवढं काय? हौस ट्रॅकवर असेल तर काहीच नाही. पण घरातली चार माणसं ज्या गाडीत बसतात, तिचं काम डायनोच्या कागदावर संपत नाही.

तेव्हा कुणी गाडी ट्यून करून देत असेल, तर किल्ली घेण्याआधी एवढं करून बघा. सकाळी थंड इंजिन, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट. गरम झाल्यावर उभ्या गाडीत एसी, हेडलाइट, पंखा सगळं एकदम चालू. मग रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगातून ब्रेक मारत येऊन क्लच दाबून थांबा. तिन्ही वेळा इंजिन शांत राहिलं तर पैसे द्या. नाहीतर बीएचपी कितीही सांगू देत, काम अर्धंच झालंय असं समजा.