कॅमेरा ट्रॅकिंगसाठी नेमका कसला कम्प्युटर लागतो? ग्राफिक्स कार्डाआधी रॅम का बघायची?

व्हीएफएक्सचा कोर्स लावला की पहिला प्रश्न असतो, 'लॅपटॉप कुठला घेऊ?' दुकानदार, यूट्यूब आणि मित्र यांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, 'चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घे.' मग घरचे हप्त्यांवर तो घेऊन देतात. पण तुम्हाला मॅचमूव्ह, म्हणजे कॅमेरा ट्रॅकिंग शिकायचं असेल, तर हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

सध्या तर हा प्रश्न आणखी महागात पडू शकतो. एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्या आपली क्षमता तिकडे वळवत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. म्हणजे जुनं मशीन बदलायची वेळ आली आणि नेमकी तेव्हाच रॅम महागली.

म्हणूनच पैसे नेमके कशावर घालायचे, हे समजून घेऊ.

कॅमेरा ट्रॅकिंग म्हणजे काय?

सिनेमात रस्त्यावर डायनोसॉर चालताना दिसतो. शूटिंगच्या वेळी तिथे फक्त रिकामा रस्ता आणि हलणारा कॅमेरा असतो. डायनोसॉर रस्त्यावर 'चिकटून' दिसायचा असेल, तर खरा कॅमेरा जसा हलला, अगदी तसाच एक खोटा कॅमेरा कम्प्युटरमध्ये हलवावा लागतो. ते काम म्हणजे कॅमेरा ट्रॅकिंग.

त्यासाठी थ्रीडी-इक्वलायझर, सिंथआइज, पीएफट्रॅक अशी खास सॉफ्टवेअर्स आहेत. न्यूक आणि आफ्टर इफेक्ट्समध्येही ही सोय आहे. आणि ब्लेंडर तर पूर्णपणे मोफत आहे.

कम्प्युटर नेमकं काय करतो?

काम तीन टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्याची भूक वेगळी असते.

पहिला टप्पा: शॉट उघडणं आणि पुढे-मागे चालवून बघणं. इथे रॅम आणि एसएसडीची कसोटी लागते.

दुसरा टप्पा: भिंतीचा कोपरा, दगड, खिडकी असे ठळक बिंदू निवडून प्रत्येक फ्रेममध्ये ते कुठे सरकले, हे शोधणं. बिंदू एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे हे काम प्रोसेसरच्या अनेक कोअर्समध्ये वाटता येतं.

तिसरा टप्पा: 'सॉल्व्ह'. सरकलेल्या बिंदूंवरून कॅमेरा कुठे होता, हे गणिताने काढणं. समजा, १० सेकंदांचा शॉट आहे, म्हणजे २४० फ्रेम्स. प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेऱ्याची जागा आणि दिशा मिळून ६ अज्ञात संख्या, म्हणजे १,४४०. वर १०० बिंदूंच्या प्रत्येकी ३, म्हणजे ३००. एकूण १,७४०. हे गणित किचकट आहे, पण मेमरीच्या हिशोबात अगदी लहान. ते मुख्यतः प्रोसेसरच करतो.

या तिन्हींत ग्राफिक्स कार्ड कुठे आहे? ते स्क्रीनवर शॉट आणि थ्रीडी बिंदू दाखवतं, काही सॉफ्टवेअर्समध्ये थोडी मदतही करतं. पण रेंडरिंगमध्ये ते जसं मुख्य पहिलवान असतं, तसं इथे नाही.

मग रॅम एवढी का लागते?

साधा हिशोब करू. ४के फ्रेममध्ये ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचे तीन रंग आणि प्रत्येक रंगाला १६ बिट धरले, तर एक फ्रेम साधारण ५० एमबीची होते. असे २४० फ्रेम्स म्हणजे १२ जीबी.

इथे अनेकांची गफलत होते. 'माझी फाइल तर २०० एमबीचीच आहे' असं ते म्हणतात. ती डिस्कवर दाबून ठेवलेली असते. बघण्यासाठी उघडली की फ्रेम मेमरीत पूर्ण पसरते.

१६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज, ब्राउझर आणि सॉफ्टवेअर चालू असताना हे १२ जीबी मावत नाहीत. मग शॉट अडखळतो. ट्रॅकरला तर तोच तुकडा पन्नास वेळा पुढे-मागे करून बघायचा असतो. बिंदू एखाद्या पिक्सेलने घसरला का, हे चालत्या शॉटमध्येच कळतं.

डिस्कने किती फरक पडतो?

हेच १२ जीबी वाचायला साध्या हार्ड डिस्कला, सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने, ८० सेकंद लागतात. साटा एसएसडीला सेकंदाला ५०० एमबीने २४ सेकंद. एनव्हीएमई एसएसडीला सेकंदाला ३,००० एमबीने ४ सेकंद. जुन्या मशीनमध्ये एकच गोष्ट बदलायची असेल आणि त्यात अजून हार्ड डिस्कच असेल, तर सुरुवात इथूनच करा.

'किमान' आणि 'शिफारस' यात काय फरक?

ब्लेंडरच्या ४ मालिकेसाठी अधिकृत किमान गरज ८ जीबी रॅम आणि ४ कोअर्सची होती, तर शिफारस ३२ जीबी आणि ८ कोअर्सची. आफ्टर इफेक्ट्ससाठी किमान १६ जीबी, शिफारस ३२ जीबी.

'किमान'चा अर्थ एवढाच की सॉफ्टवेअर सुरू होईल. तुमचा ४के शॉट सुरळीत चालेल, असं वचन त्यात नाही. आणि या याद्या संपूर्ण सॉफ्टवेअरसाठी असतात, फक्त ट्रॅकिंगसाठी नाही. ब्लेंडरच्या यादीतलं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड रेंडरिंग करणाऱ्याला जास्त उपयोगी, ट्रॅकिंग करणाऱ्याला कमी.

कमी बजेटमध्ये काय करता येईल?

१. शॉट अर्ध्या रेझोल्यूशनवर आणा. लांबी आणि रुंदी अर्धी झाली की मेमरी चौपट कमी लागते. फुल एचडी आणि ८ बिटमध्ये वरचाच शॉट सुमारे दीड जीबीत बसतो. शिकण्यासाठी हे पुरेसं आहे.

२. मोबाइलवरचा व्हिडिओ थेट ट्रॅक करू नका. त्यात बहुतेक फ्रेम्स आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात. उलटं चालवलं की प्रोसेसरला मागून पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. आधी प्रत्येक फ्रेमची वेगळी जेपेग किंवा पीएनजी फाइल करा. फरक लगेच दिसेल.

३. लॅपटॉप घेताना रॅम बोर्डला जोडलेली आहे की वाढवता येते, हे विचारा. वाढवता येत असेल तर आज १६ जीबी घेऊन पुढे ३२ करता येईल. जोडलेली असेल तर आज घ्याल तीच कायमची.

४. जुनं मशीन घेताना ते विंडोज ११ वर जाईल का, हे तपासा. इंटेल मॅक स्वस्तात मिळतात म्हणून भुलू नका. मॅकओएस २६ ही त्यांना चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं अ‍ॅपलने सांगितलं आहे.

५. तीन बटणांचा माऊस घ्या. ट्रॅकपॅडवर हे काम म्हणजे शिक्षा आहे.

महाग मशीनने ट्रॅक चांगला होतो का?

नाही. मशीनने फक्त वाट बघणं कमी होतं. फ्रेम हलून धूसर झाली असेल, बिंदू चालत्या माणसाच्या शर्टवर घेतला असेल किंवा कॅमेरा जागेवरच फिरला असेल आणि त्यामुळे खोलीच कळत नसेल, तर ६४ जीबी रॅमही चुकीचंच उत्तर देईल. फक्त लवकर देईल.

पुढे हे बदलेल का?

थोडं बदलतं आहे. मोचा प्रोसारख्या सॉफ्टवेअर्समध्ये एआयने मास्क काढण्याची साधनं आली आहेत. फोटोंवरून थेट कॅमेऱ्याची जागा ओळखणाऱ्या 'व्हीजीजीटी' या मॉडेलच्या शोधनिबंधाला २०२५ च्या सीव्हीपीआर परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान मिळाला. अशा पद्धतींना ग्राफिक्स कार्ड आणि त्याची मेमरी भरपूर लागते. त्या रोजच्या कामात रुळल्या, तर हे समीकरण फिरेल.

आपल्याशी याचा संबंध काय?

परदेशी सिनेमांचं रोटो, पेंट आणि मॅचमूव्हचं बरंच काम भारतात होतं. मुंबई त्याचं मोठं केंद्र आहे, आणि नव्या मुलांना या क्षेत्रात शिरायला मॅचमूव्ह हा नेहमीचा दरवाजा आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी टेक्निकलर समूह कोसळला आणि त्याचा फटका भारतातल्या कर्मचाऱ्यांनाही बसला. म्हणजे संधी आहे, पण पक्की हमी नाही.

एक गोष्ट कोर्स विकताना क्वचितच सांगितली जाते. मोठ्या सिनेमांचे शॉट्स गोपनीयतेमुळे सहसा स्टुडिओच्याच यंत्रणेवर हाताळले जातात. तुमच्या लॅपटॉपवर तुम्हाला फक्त शिकायचं आहे आणि शोरील बनवायची आहे. त्यासाठी फुल एचडी शॉट, एसएसडी, १६ जीबी रॅम आणि मोफत ब्लेंडर एवढं पुरतं. नोकरी नसताना मोठा हप्ता डोक्यावर घेण्याआधी एवढ्यावर दोन-तीन शॉट्स नीट ट्रॅक करून बघा. कुठे अडलं, ते कळेल. पैसे तिथेच घाला.