तीन सेकंदांत क्यूब, पोटाचं काय?

आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर एक ज्युनिअर येतो. चहा येईपर्यंत त्याचा क्यूब चार-पाच वेळा सोडवून होतो. परवा त्यानं विचारलं, "ताई, यातच करिअर केलं तर?" सगळे खो खो हसले. हाच प्रश्न क्रिकेट खेळणाऱ्या मुलानं विचारला असता तर कुणी हसलं असतं का?

पण हिशोब तर मांडायलाच हवा. १९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती मिन थाईनं २२.९५ सेकंदांची वेळ देऊन जिंकली. २०२३ मध्ये मॅक्स पार्कनं ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला. वेग सातपट वाढला, कमाई मात्र तशी वाढली नाही. बहुतेक अधिकृत स्पर्धांत जिंकणाऱ्याला प्रमाणपत्र, मेडल आणि फार तर स्पॉन्सरकडून एखादा नवा क्यूब मिळतो. वर्ल्ड क्यूब असोसिएशनचा सगळा डोलारा स्वयंसेवकांवर उभा आहे. स्पर्धकच आळीपाळीनं जज होतात, एकमेकांचे क्यूब विस्कटून देतात. एन्ट्री फी आपली, रेल्वेचं तिकीट आपलं आणि मधल्या सुट्टीतला वडापावही आपलाच!

म्हणजे यात पैसा नाही असं नाही. २०२० मध्ये स्पिन मास्टर या कॅनडाच्या कंपनीनं 'रुबिक्स' हा ब्रँड ५ कोटी डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं. पैसा आहे, पण तो क्यूब विकणाऱ्यांकडे आणि शिकवणाऱ्यांकडे. दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या फेलिक्स झेमडेग्सनंही 'क्यूबस्किल्स' ही शिकवणीची वेबसाइट काढली. 'जे पर्म' या नावानं यूट्यूबवर शिकवणारा डायलन वँग तर कधी वर्ल्ड चॅम्पियन नव्हता. तो नीट समजावून सांगतो, म्हणून त्याला लाखो सबस्क्रायबर्स मिळाले.

आपल्याकडेही आता क्यूबचे क्लासेस निघालेत. मुलांना आवडतं म्हणून शिकवा की, मजाच आहे! पण 'गणित पक्कं होईल, मार्क वाढतील' असं सांगून पालकांकडून फी उकळणं मला पटत नाही. आणि क्यूब विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी स्पर्धेत नुसता बॅनर लावून का थांबावं? फायनलला पोचलेल्या पोरांचा निदान प्रवासखर्च तरी द्यावा. तेवढं झालं तरी घरी "हे काय खेळणं घेऊन बसलास?" हे ऐकणं थोडं कमी होईल.

त्या ज्युनिअरला मी म्हटलं, डिग्री सोडू नकोस. शिकवायला जमतंय का ते बघ. सुरुवात माझ्यापासून कर, तासाचे पैसे घे. तर हा म्हणतो, "तुझ्याकडून कसले पैसे घेऊ, ताई?"

तीन दिवस झाले, मी दुसऱ्या लेयरवर अडकलेय. तो रोज येऊन फुकट शिकवतोय.