नोंद नाही, तर ग्रंथ नाही

पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. अशा जुन्या संग्रहांतील ग्रंथ व नियतकालिके संगणकावर उतरविली जावीत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पानांची छायाचित्रे काढली म्हणजे कार्य सिद्धीस गेले, हा समज घातक होय. तालिकेत नोंद नसलेला ग्रंथ फडताळात निदान धूळ खात असलेला तरी दिसतो. संगणकातील नोंदविहीन प्रत कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

जगातील ग्रंथपालांनी हे केव्हाच ओळखले. १९७८ सालची अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमावली मुख्यतः तालिकापत्रांच्या काळातली. तिची जागा घेण्यासाठी २०१० साली ‘आरडीए’ ही नियमावली आली. आशय कोणत्या स्वरूपाचा आहे, तो पाहण्यास कोणते साधन लागते आणि तो कशावर साठविला आहे, या तीन गोष्टी ती पृथक् नोंदविण्यास सांगते. छापील ग्रंथ आणि त्याची संगणकीय प्रत यांचे नाते त्यामुळे स्पष्ट होते. हा व्याप न झेपणाऱ्या लहान संस्थांसाठी ‘डब्लिन कोअर’ ही पंधरा घटकांची सुटसुटीत योजना आहे. अमेरिकेतील डब्लिन गावी १९९५ साली भरलेल्या बैठकीतून तिचा उगम झाला.

गोमंतकाला या शिस्तीची निकड विशेष आहे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत लेखन केले. पोर्तुगीज ग्रंथांवर त्यांचे नाव रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने छापलेले. मराठी ग्रंथावर ते देवनागरीत. ही सर्व रूपे एका अधिकृत नावाशी जोडली नाहीत, तर संगणकाच्या लेखी एका विद्वानाचे दोन लेखक होतात. मग मराठीतून शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याची गत काखेत कळसा नि गावाला वळसा अशी झाल्यास नवल ते काय?

म्हणून आमचे सांगणे असे की, संगणकीय प्रतींसाठी निधी मंजूर करतानाच नोंदींसाठीही स्वतंत्र तरतूद व्हावी आणि प्रत्येक नोंद देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत असावी. यंत्रे निविदा काढून मिळतात. मराठी, कोकणी व पोर्तुगीज जाणणारा तालिकाकार मात्र घडवावा लागतो. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य असल्याचे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले आहे. वाळवीपासून वाचविलेला ग्रंथ संगणकाच्या पोटात हरवला, तर पुढील पिढ्या त्याचा दोष वाळवीला देणार नाहीत.