शेवाळी तळ्यात मरळ कोठे शोधावी ?

"तलाव शेवाळाने भरला, आता त्यात मासा राहिला नाही," असे उद्गार भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत हिंडताना वारंवार कानी पडतात. हे मत मला मान्य नाही. मासा बहुधा असतोच; तो कोठे आहे हे आपण पाहिलेले नसते.

कोहळी बांधवांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांचा तळ सामान्यतः पाळीजवळ खोल व वरच्या अंगास उथळ असतो. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, म्हणून शेवाळ व हायड्रिला तेथेच माजतात. या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पहाटे दाट गचपणात प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि रोहू, मृगळ हे मासे मोकळ्या पाण्याकडे सरकतात. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकते. तिला गचपण सोडण्याचे कारण नाही. ती त्याच्या कडेला दबा धरून बसते व जवळून जाणारी मासोळी किंवा बेडूक टिपते.

तेव्हा जागा शोधावयाची ती या कडेची. ऐन गचपणात गळ टाकल्यास केवळ शेवाळ वर येते; फेकजाळ्याची तर तेथे फजितीच. वैशाखात पाणी ओसरले म्हणजे तळ्यातून एक फेरी मारावी. जुन्या ओढ्याची वाट, मुरमाचा उंचवटा, बुडालेले खुंट हे काठावरील झाडांच्या खुणेने ध्यानात ठेवावे. तळे भरल्यावर दोरीस दगड बांधून तळावरून ओढावा. दोरी शेवाळ घेऊन येता येता एकाएकी मोकळी येऊ लागली, की कड सापडली. ही युक्ती मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकविली नाही. एका वृद्ध ढिवर बांधवाने डोंग्यात बसवून दाखविली.

त्याच बांधवापुढे एकदा मला मान खाली घालावी लागली. नोकरीच्या आरंभी मी एका गावास सगळे शेवाळ काढून टाकण्याचा सल्ला दिला व वर गवत्या मासा सोडविला. हा मासा १९५९ साली भारतात आणला गेला. हायड्रिला तो आवडीने खातो, परंतु कोठे थांबावे हे त्यास कोण सांगणार? तळे स्वच्छ झाले. पुढे दोन वर्षांत पाणी गढूळ राहू लागले व मरळ दिसेनाशी झाली. "साहेब, आता ती बसेल कोठे ?" एवढेच तो म्हणाला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पाळीलगतचा व पाणी सोडण्याच्या तुडुमासमोरचा भाग मोकळा करावा, उथळ अंगातील वाढ पट्ट्यापट्ट्यांनी काढावी व मधले पट्टे राखावेत. असे केल्याने कड वाढते, आणि कड वाढली की मरळीच्या जागाही वाढतात. बेशरम मात्र मुळासकट खणावी. तिच्याबद्दल दयामाया नको.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट मच्छीमार संस्थांच्या कानी घालावी. पावसाळ्याच्या आरंभी मरळ उथळ गचपणात घरटे करते. लालसर पिलांचा थवा पाण्यावर दिसला, की खाली आई-बाप राखणीस असतात व जवळ आलेल्या कशावरही झडप घालतात. त्या वेळी गळास मासा हमखास लागतो, हे खरे. पण राखण गेली की तो थवा इतर माशांच्या व बगळ्यांच्या पोटी जातो. असा थवा दिसताच गळ गुंडाळून दुसऱ्या काठास जावे.