ज्याची नोंद ठेवलीच जात नाही

मा. अध्यक्ष व पदाधिकारी,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई यांस,

भारतातील क्रिकेटचे नियमन करणारी संस्था कायद्याच्या भाषेत खासगी असली, तरी तिचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2015 मध्ये दिला. राष्ट्राच्या नावाने संघ निवडण्याचा अधिकार जिच्या हाती एकवटला आहे आणि जिने 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण हक्क सुमारे 48,390 कोटी रुपयांना विकले, त्या संस्थेला समाजाने काही प्रश्न विचारणे त्यामुळे अप्रस्तुत ठरू नये. या पत्रातील प्रश्न हिशेबाचा किंवा निवडणुकीचा नाही, त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रश्न असा आहे की भारतीय क्रिकेटमध्ये कोण वर चढतो, कोण कोणत्या पायरीवर गळतो आणि या चढण्या-गळण्याचा जन्म, जात, भाषा, लिंग व मिळकत यांच्याशी काही संबंध आहे काय, हे मंडळाला ठाऊक आहे का. आणि ठाऊक नसेल, तर ते जाणून घ्यावे असे मंडळाला अद्याप का वाटले नाही.

खेळाचे समाजशास्त्र, म्हणजे खेळाकडे एक सामाजिक संस्था म्हणून पाहणारी ज्ञानशाखा, या प्रश्नाभोवतीच वाढली आहे. खेळ हा समाजाचा आरसा असतो, हे तिच्या नावावर खपवले जाणारे वाक्य फारसे कामाचे नाही, कारण समोर असेल ते दाखवण्यापलीकडे आरसा काही करत नाही. खेळाच्या संस्था मात्र प्रवेश देतात, अडवतात, पदे वाटतात आणि या वाटपाला ‘गुणवत्ता’ असे नाव देतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए यांनी यासाठी ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना वापरली. घरातून व शाळेतून नकळत मिळालेली बोलण्याची ढब, वावरण्यातला सराईतपणा यांचा पुढे पैशासारखाच उपयोग होतो आणि ज्याच्याकडे हे सारे असते त्याला ते स्वतःचे कर्तृत्व वाटते, असा तिचा थोडक्यात आशय आहे. त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स यांनी 1963 च्या आपल्या क्रिकेटविषयक ग्रंथात हीच गोष्ट मैदानावरून सांगितली. त्यांच्या तरुणपणी बेटावरचे क्लब त्वचेच्या छटेनुसार विभागलेले होते आणि कोणत्या क्लबात जायचे हे ठरवणे म्हणजे समाजात कोणाच्या पंगतीला बसायचे हे ठरवणेच होते.

मुंबईला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. मंडळाचे मुख्यालय ज्या वानखेडे स्टेडियमच्या आवारात आहे, तेथून थोड्याच अंतरावर मरीन ड्राइव्हला लागून पारशी, इस्लाम आणि हिंदू अशा समुदायांच्या नावांचे जिमखाने आजही उभे आहेत. युरोपियन विरुद्ध पारशी या सामन्यांपासून सुरू झालेली स्पर्धा 1907 मध्ये हिंदूंच्या प्रवेशाने तिरंगी, 1912 मध्ये मुस्लिमांच्या प्रवेशाने चौरंगी आणि 1937 मध्ये ‘इतर’ या नावाचा संघ आल्यावर पंचरंगी झाली, ती 1946 पर्यंत चालली. या स्पर्धेतील धर्मभेदाची चर्चा इतिहासात बरीच झाली आहे, महात्मा गांधींनीही 1940 मध्ये तिच्या सांप्रदायिक स्वरूपाला विरोध नोंदवला होता. ‘हिंदू’ या एका नावाखाली खेळणाऱ्या संघाच्या आत जी दुसरी रेषा होती, तिच्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

चर्मकार कुटुंबात जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले बाळू पालवणकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज आधी पुण्याच्या युरोपियन क्लबात नोकर होते. दरमहा चार रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखणे, जाळे लावणे आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते. त्यांना फलंदाजीची संधी देण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही. पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवण्याच्या ईर्ष्येने त्यांना घेतले खरे, परंतु चहाच्या वेळी ते तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा पीत असत आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत होता, त्याचा विटाळ कोणाला झाला नाही. पुढे मुंबईत रेल्वेची नोकरी व हिंदू जिमखान्याचा संघ त्यांच्या वाट्याला आला आणि 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून खेळताना त्या एका दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. संघातील सर्वांत यशस्वी गोलंदाज तेच होते, कर्णधारपद मात्र त्यांच्याकडे आले नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग यांनी 1970 मध्ये बेसबॉल व अमेरिकन फुटबॉल या खेळांचा अभ्यास करून दाखवले, की कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले गेल्यानंतरही त्यांना परिघावरच्या जागा दिल्या जात, आणि ज्या जागांवर निर्णय घ्यावे लागतात, इतरांशी समन्वय साधावा लागतो, त्या मध्यवर्ती जागा गोऱ्या खेळाडूंकडे राहत. संघात शिरकाव मिळणे आणि संघातील अधिकार मिळणे या वेगळ्या गोष्टी असून दुसरीत पहिलीपेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो, असा या सिद्धान्ताचा अर्थ घेता येतो. पालवणकर बंधूंची कथा त्याचे अर्धशतकाआधीचे उदाहरण आहे. बाळूंचे धाकटे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही हिंदू संघातून खेळले. 1920 मध्ये बाळूंना वगळून आणि विठ्ठल यांचा दावा डावलून कर्णधारपद इतरांकडे दिले गेले, तेव्हा खेळत असलेल्या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि वृत्तपत्रांतून गदारोळ उठला. मग अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. अखेर 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. बाळूंनी पुण्यात हिंदू संघाकडून पहिला चेंडू टाकल्यापासून इथवर यायला सुमारे पाव शतक लागले. वेस्ट इंडीजमध्येही कृष्णवर्णीय फलंदाज व गोलंदाज संघाचा कणा होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी फ्रँक वॉरेल यांच्या रूपाने संपूर्ण मालिकेचे नेतृत्व प्रथमच कृष्णवर्णीय खेळाडूकडे आले, आणि त्यासाठी जेम्स यांना आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवावी लागली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. हा सारा इतिहास शंभर वर्षांपूर्वीचा असून श्रीरामपूरचा झहीर खान, रांचीचा महेंद्रसिंग धोनी, सेलमजवळच्या खेड्यातला टी. नटराजन आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी खेळाची दारे उघडी असल्याचे सिद्ध केले आहे, असे म्हटले जाईल. ही उदाहरणे खरी आहेत आणि छोट्या शहरांतून आलेल्या या लाटेचे श्रेय मंडळाच्या देशांतर्गत स्पर्धांच्या जाळ्यालाही द्यायला हवे. तथापि एखाद्याचे पोहोचणे म्हणजे वाट सर्वांना सारखी असणे नव्हे. न पोहोचलेल्यांची संख्या व त्यांची कारणे कळल्याखेरीज पोहोचलेल्यांवरून काहीही अनुमान काढता येत नाही. शिवाय ‘छोटे शहर’ ही भौगोलिक कोटी आहे, तिच्या आत जात आणि वर्ग दोन्ही झाकले जातात.

वाटेचे स्वरूपही दरम्यान बदलले आहे, हा मुद्दा या चर्चेत फारच दुर्लक्षित राहतो. मुंबईचे क्रिकेट अनेक दशके चाळींतून, सार्वजनिक मैदानांतून, शालेय ढालींतून, भर पावसात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमधून आणि त्यानंतर टाइम्स शिल्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांतून घडत होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनकडून खेळत. रेल्वे, बँका, गिरण्या व कंपन्या खेळाडूला कारकुनाची वा अधिकाऱ्याची नोकरी देत, त्यामुळे रणजी संघापर्यंत न पोहोचलेल्या मुलाच्याही हाती महिन्याचा पगार राहत असे. या व्यवस्थेत भेदभाव नव्हता असे नाही, नोकरीसाठी शिफारस लागेच. पण अपयशाची किंमत ती कमी करत होती, आणि गरीब घरातील मुलाने खेळात वर्षे घालवावीत की नाहीत, हे ठरताना अपयशाची किंमतच निर्णायक असते. नोकऱ्यांचा हा मधला थर विरळ झाला असून आज एका टोकाला फी आकारणाऱ्या अकादम्या, इंग्लिश विलोच्या महागड्या बॅटी आणि खासगी प्रशिक्षक आहेत, तर दुसऱ्या टोकाला आयपीएलचा लिलाव. मधली जागा ज्याला स्वतःच्या खिशातून भरून काढता येते, तोच टिकतो. ही निवड निवडसमितीने केलेली नसते, तरीही ती निवडच असते.

इतर देशांच्या मंडळांनी या प्रश्नाला तोंड दिले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने 2016 पासून राष्ट्रीय संघात हंगामाच्या सरासरीने किमान सहा अश्वेत खेळाडू आणि त्यांपैकी किमान दोन आफ्रिकी कृष्णवर्णीय असावेत, असे उद्दिष्ट ठेवले; त्यावर मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत. इंग्लंडच्या मंडळाने निराळा मार्ग निवडला. त्याने 2021 मध्ये स्वतंत्र आयोग नेमला, चार हजारांहून अधिक लोकांची निवेदने त्यापुढे आली, आणि जून 2023 च्या अहवालात वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद इंग्लिश क्रिकेटमध्ये खोल रुजल्याचा निष्कर्ष निघाल्यावर मंडळाने जाहीर माफी मागितली. साम्राज्यकाळी ज्यांच्या क्लबात बाळूंना चार रुपये मिळत होते, त्यांच्या वारसांना स्वतःविषयी हा प्रश्न विचारता आला, ही गोष्ट भारतीय मंडळाला थोडी टोचायला हरकत नाही.

महिला क्रिकेटच्या बाबतीत मंडळाने दाखवून दिले आहे की ठरवले तर बदल होतो. 1973 मध्ये स्थापन होऊन लखनौमध्ये नोंदणी झालेली महिलांची संघटना 2006 मध्ये मंडळात विलीन झाली, त्यानंतरही कित्येक वर्षे उपेक्षाच झाली. परंतु ऑक्टोबर 2022 मध्ये पुरुषांइतकेच सामना-मानधन जाहीर झाले, 2023 मध्ये महिलांची लीग सुरू झाली आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. या यशाचे श्रेय प्रथम खेळाडूंचे आहे. पण लिंगभेदाविषयी जे मंडळ मोजून-मापून धोरण आखू शकते, ते जात आणि वर्ग यांच्याविषयी निव्वळ मौन पाळते, याला तांत्रिक अडचण हे कारण पुरेसे नाही.

म्हणून या पत्राची मागणी राखीव जागांची नाही. राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, हा वाद माहितीविना घालणे दोन्ही बाजूंना सोयीचे पडते, एवढेच. मागणी मोजणीची आहे. प्रत्येक चेंडूचा वेग, टप्पा आणि वळण साठवणाऱ्या मंडळाने चौदा वर्षांखालील स्पर्धांपासून वरिष्ठ संघापर्यंत नोंदणीकृत खेळाडूंची, संमतीने व नावे गुप्त ठेवून, सामाजिक माहिती गोळा करावी: शाळेचे माध्यम व प्रकार, पालकांचा व्यवसाय, सामाजिक प्रवर्ग, गाव वा शहर, आणि खेळ सोडला असल्यास कोणत्या वयात व का. हे काम राज्य संघटनांवर न ढकलता विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञांच्या स्वतंत्र गटाकडे सोपवावे आणि त्याचा अहवाल निष्कर्ष अनुकूल असोत वा नसोत, मराठीसह सर्व प्रमुख भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा. विठ्ठल पालवणकर यांनी आपले आत्मचरित्र मराठीतच लिहिले होते.

ही मोजणी खेळाडूंपुरती थांबू नये. प्रशिक्षक, पंच, निवडकर्ते, समालोचक आणि राज्य संघटनांचे पदाधिकारी यांचा तक्ता तिच्यात असावा, आणि तो अहवालाच्या परिशिष्टात न टाकता पहिल्या पानावर छापावा, अशी मंडळास विनंती आहे.