घरात भरलेलं कॉलेज

मैत्रिणींनो, मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली आणि वर्ग आपल्या माजघरात भरू लागले. पुढे कॉलेजे उघडली, तरी ऑनलाइन शिक्षण काही गेले नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’वर २०१७ पासून नामवंत संस्थांतल्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. न समजलेला भाग पुन्हा लावावा; ही सोय वर्गात कुठली?

म्हणून काही घरांत हिशेब सुरू होतो: मुलीला रोज एस.टी.ने पाठवायचं कशाला? घरी शिकेल, कामालाही हात लागेल. इथेच घोटाळा आहे, बरं का! बी.एस्सी.च्या मुलीने ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे आणि फ्लास्कमधला रंग फिकट गुलाबी होताच थांबायचे असते. पडद्याकडे नुसते बघून तो हात कसा बसणार? शंकांचेही तेच. वर्गात गोंधळलेला चेहरा पाहून सर पुन्हा समजावतात; कॅमेरा बंद असला की त्यांना काय दिसणार? शिवाय मैत्रिणींकडून परीक्षांची, नोकऱ्यांची खबर कळते, ती निराळीच.

ऑनलाइन पदवीच घ्यायची असेल, तर विद्यापीठाला त्यासाठी यू.जी.सी.ची मान्यता आहे ना, हे यू.जी.सी.च्याच संकेतस्थळावर आधी पाहा. आणि तास चालू असताना ‘जरा गॅस बंद कर गं’, ‘दार उघड’ हे मात्र नको. मुलगा शिकत असता तर हाक मारली असती का? तेवढा वेळ तिला खोलीची कडी लावू द्या. कुकरच्या शिट्ट्या आपण मोजू.